ओळख होईपर्यंत

पैसे मोजून वस्तू घरात आणली की ती आपली झाली, अशी आपली समजूत असते. पण तो व्यवहार कागदापुरताच खरा. नवा जोडा पायाला चावतो, नवी लेखणी अक्षर वाकडे काढते आणि नव्या बैलाला जुन्या जोडीदाराच्या पावलाशी पाऊल जुळवायला दिवस लागतात. वस्तू विकत मिळते, तिची ओळख मात्र रोज थोडी थोडी मिळवावी लागते.

हा धडा मला माझ्या नव्या मोटारसायकलने दिला. पंचवीस वर्षे मी एका साध्या स्कूटरवरून पुण्याच्या गल्ल्या हिंडलो. पन्नाशी उलटल्यावर, गेल्या दसऱ्याला, वेग आणि लांबचा प्रवास या दोन्हींसाठी बांधलेली ही मोटारसायकल मी घेतली. इंजिन ३७३ घनसेंटिमीटरांचे, गिअर सहा, वजन सुमारे १९० किलो! झेंडूची माळ घालून झाली, चाकाखाली लिंबू चिरडून झाले. आईने हळदकुंकू लावले आणि त्या अवाढव्य धुडाकडे पाहत ती म्हणाली, “देखणं आहे हो, पण ते तुझं ऐकतं का?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत असत, हिचे डाव्या पायापाशी. स्कूटरवर खुर्चीत बसावे तसे बसता येई. येथे गुडघ्यांनी टाकी धरून अंग किंचित पुढे झुकवावे लागे. पहिले चार दिवस मनगटे ठणकत होती. पण शहर मागे पडून वेग वाढला, की समोरचा वारा छातीला हलकेच उचलून धरी आणि मनगटांवरचा भार उतरे. जी बैठक गर्दीत जाचक वाटली, तीच मोकळ्या रस्त्यावर सुखाची झाली.

शिकणारा मी एकटाच नव्हतो. नव्या इंजिनात दट्ट्याच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर नीट बसायला काही काळ जावा लागतो. म्हणून पहिल्या हजारेक किलोमीटरांत इंजिन फार ताणू नये, असे जाणकार सांगतात. नव्या टायरचा गुळगुळीतपणाही थोडा झिजल्यावरच तो रस्ता घट्ट धरू लागतो. तेव्हा त्या दिवसांत आम्ही दोघेही एकाच वर्गात होतो म्हणा ना!

सर्वांत मोठे नवल वळणाचे. वेगात असताना डावीकडे वळायचे, तर डावी मूठ हलकेच पुढे रेटावी लागते. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे रोख घेते आणि त्यामुळेच वाहन डावीकडे झुकते. विमानाच्या दोन जनकांपैकी एक, विल्बर राइट, यांचे सायकलींचे दुकान होते. त्यांनी ही गोष्ट सायकलवर कधीच हेरली होती. मीही लहानपणापासून नकळत असेच वळत आलो होतो. देहाला जे ठाऊक होते, ते बुद्धीला कळायला पन्नास वर्षे लागली!

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटाने दुसरा धडा दिला. वळणावर नजर जिकडे जाते, तिकडे वाहन जाते. दरीकडे टक लावली की वाहनही दरीच्या कडेला सरकू पाहते. वळण जिथे संपते तिथे नजर ठेवली, की हात आपोआप वाट काढतात. समोरून एस.टी.ची गाडी येत असता भीतीकडे न पाहता वाटेकडे पाहणे सोपे नसते. पण ते साधले की घाट आपला मित्र होतो.

तिसरा धडा हिशेबाचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला सुमारे ११ मीटर जातो. ८० च्या वेगाने २२ मीटर. पण वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. चाक अडकून घसरू नये म्हणून १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनांच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून विशेष ब्रेकची सोय सक्तीची झाली. ती सोय चाकाला सावरते. पण गणिताचा नियम काही बदलत नाही.

हा हिशेब मला खरा कळला, तो पत्नी प्रथमच मागे बसली तेव्हा. वजन वाढले, थांबण्याची रीत बदलली आणि झालेली ओळख पुन्हा नव्याने करावी लागली. तिने निर्धास्तपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात हलका होता. पण त्याचा भार मला साऱ्या यंत्राहून अधिक जाणवला. उजव्या मुठीत केवढे बळ आहे, हे मला ठाऊक होते; ते बळ न वापरण्यात केवढे बळ लागते, हे त्या दिवशी उमगले.

आता तीन हजार किलोमीटर झाले आहेत. हातपाय न सांगता आपले काम करतात. आईच्या प्रश्नाचे उत्तरही सापडले आहे: मी त्याचे जेवढे ऐकतो, तेवढेच ते माझे ऐकते. पण खरी परीक्षा आताच सुरू झाली आहे, असे मला वाटते. नव्याचे नऊ दिवस सरले, की भीती जाते आणि तिच्या पाठोपाठ सावधपणाही निघून जाऊ पाहतो. अतिपरिचयाने अवज्ञा होते म्हणतात. माणसांच्या बाबतीत तिने मने दुखावतात, यंत्राच्या बाबतीत जीव जातो. म्हणून सवय व्हावी, पण ती हातापायांना. मनाला मात्र होऊ नये. मनाने रोज थोडे नवखेच राहावे. पहिल्या दिवशीचा तो आदर ज्याला हजाराव्या दिवशीही टिकवता आला, त्याचीच वाहनाशी खरी ओळख झाली, आणि माणसांशीही!