पुठ्ठ्याच्या कडेवर

परवा शेजारच्या दिवंगत गृहस्थांच्या कपाटातून निघालेला नाण्यांचा संग्रह त्यांच्या मुलाने माझ्यापुढे उघडला, तेव्हा नाणी दृष्टीस पडण्यापूर्वीच त्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांतून नव्या रेनकोटासारखा उग्र दर्प आला, आणि त्या दर्पाचा अर्थ ठाऊक असल्यामुळे माझ्या काळजात धस्स झाले. पीव्हीसी जातीचे ते प्लास्टिक वर्षानुवर्षांच्या उष्म्याने विघटित होऊ लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. आणि जुन्या रुपयाच्या चांदीत जो बारावा हिस्सा हिणाचा असतो, त्यातील तांब्याला गाठून ते नाण्यावर हिरवट, चिकट लेप चढवते. ज्यांनी ती नाणी उभी हयात जिवापाड जपली, त्यांच्या जपणुकीनेच ती नासत होती, ही गोष्ट मला फार लागली.

माझ्यापाशी संग्रह म्हणावा असे काही नाही. आजीचा एक राणीछाप रुपया तेवढा आहे, आणि तो दोन इंची पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ठेवलेला आहे. या होल्डरची रचना साधी असली तरी ती आदर वाटावा इतकी विचारपूर्वक केलेली आहे. घडीच्या पुठ्ठ्याला दोन्ही अंगांनी गोल खिडकी, खिडकीवर मायलारचे पारदर्शक पटल, मध्ये नाणे, आणि चहूकडून स्टेपलरच्या पिना. मायलारातून आम्ल सुटत नाही. मात्र मोठ्या नाण्याला येथे प्रत्येक मिलिमीटराचा हिशोब द्यावा लागतो. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरांच्या आसपास. खिडकी त्याहून लहान घेतली तर नाण्याची कड पुठ्ठ्याखाली दडपली जाते, आणि फार मोठी घेतली तर नाणे सरकत सरकत पिनेपर्यंत पोहोचते. १९७३ साली अन्नोत्पादनाच्या प्रचारासाठी काढलेले चांदीचे वीस रुपयांचे नाणे तर चव्वेचाळीस मिलिमीटरांचे. त्याच्या भोवती दोन इंची चौकोनात पिनेपुरतीही जागा धड उरत नाही, म्हणून त्याला अडीच इंची पुठ्ठाच हवा. पिनांचे पाय पकडीने दाबून सपाट केल्यावाचून होल्डर कप्प्यात ठेवू नये, नाही तर ते शेजारच्या नाण्याच्या पटलावर ओरखडे काढतात. आणि नाणे बाहेर काढताना पिना आधी काढाव्यात, मगच घडी उघडावी.

एवढे सारे करून झाले की नाणे सुरक्षित होते, आणि मुकेही होते. आजी लक्ष्मीपूजनाला हा रुपया राख आणि चिंच लावून घाशी (त्या घासण्याने राणीच्या गालाची गोलाई पार सपाट झाली आहे), आणि मग अंगठ्याच्या नखावरून उडवून तो जोत्याच्या दगडावर वाजवी. तो नाद पुरता विरेपर्यंत ती मान कलती करून ऐकत राही, आणि मगच रुपया पूजेच्या ताम्हणात ठेवी. तिच्या वडिलांनी तो लग्नात तिच्या ओटीत घातला होता.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत, प्रत्येकाचा बट्टा निराळा, आणि सरकारी पोत्यात भरणा होण्यापूर्वी पोतदार ते पारखून घेई. आजीचे ते ऐकणे त्या पारखीच्या परंपरेतले असेल काय, असा विचार कधी कधी येतो. परंतु तिची मुद्रा आठवली की तो विचार टिकत नाही. पारख करणाऱ्याच्या चेहऱ्यावर संशय असतो. तिच्या चेहऱ्यावर माहेर असे.

ते माहेर मात्र नाण्यावर कोठेच उमटत नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा चेहरा न वितळवता त्याच्यावरच आपले नाव ठोकले. दोन्ही राजे त्या नाण्यांवर वाचता येतात. ज्याने ते धन पुरून ठेवले आणि जो ते घ्यायला परत आला नाही, त्याच्याविषयी ती नाणी एक अक्षर सांगत नाहीत. माझा रुपया तर स्वतःच्या वयाविषयीही खात्रीची साक्ष देत नाही. त्याच्यावर १८६२ हे साल आहे. पण तेच साल कोरलेले रुपये टांकसाळीतून पुढे १८७४ पर्यंत निघत राहिले.

आजीपाशी असे रुपये पुष्कळ होते. ती गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ते तराजूत घातले. एक रुपया म्हणजे १८० ग्रेन, म्हणजेच एक तोळा, आणि ऐंशी रुपयाभार म्हणजे एक शेर, ही मोजणी त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की ते स्त्रीधन आहे, त्यावर आधी मुलींचा विचार व्हावा, हे कोणाच्या मनातही आले नाही. वाटणीपत्रात ‘जुनी चांदी’ एवढीच नोंद झाली, आणि त्या चांदीचे पेले झाले. ते पेले अजून घरात आहेत. मी त्यांतून पाणी पीत नाही. हा एक रुपया आत्याने मागून घेतला होता, आणि तिच्याकडून तो माझ्याकडे आला.

म्हणून होल्डरमध्ये नाणे घालण्यापूर्वी (नंतर लिहिले तर लेखणीचा दाब नाण्यावर येतो) मी पुठ्ठ्याच्या कडेवर आजीचे माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, गाव आणि ‘ओटीतला रुपया’ असे बारीक अक्षरांत लिहिले. लिहिता लिहिता ध्यानात आले की आमच्या घराण्याच्या कोणत्याही दप्तरात, सातबाऱ्यात वा फेरफारात, तिचे नाव नाही.

१९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तरीही घरोघर वारसनोंदीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. आमच्याही घरी तसा कागद तयार झाला आहे. त्यावर मी सही करणार नाही आणि बहिणीनेही करू नये, तिचे नाव जमिनीवर लागलेच पाहिजे, असे मी भावांना लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.