अस्तर

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत ‘गर्भाशय’ हा शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो शाळेच्या पुस्तकात होता. बायकांच्या बोलण्यात असायची ती पिशवी. अमकीची पिशवी खाली आली, तमकीची काढली, हिच्या पिशवीला सूज आहे. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की गॅलरीत गहू निवडता निवडता ही कुजबुज चाले आणि आम्ही मुली जवळ आलो की थांबे. मला वाटायचं, आत खरोखरच कापडाची पिशवी असणार. आई शिवायची तशी, दोन बंदांची.

आई मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवायची आणि उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या. बाहेरून जुनी इरकल, आतून मांजरपाटाचं अस्तर. अस्तर लावल्याशिवाय तिनं एकही पिशवी कुणाच्या हातात दिली नाही. तिची शेवटची पिशवी माझ्याकडे आहे, डाळिंबी रंगाची. परळला टाटा हॉस्पिटलात जायचं ठरलं तेव्हा सगळे रिपोर्ट मी तिच्यातच भरले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कोऱ्या कागदावर उलट्या ठेवलेल्या पेरूसारखं काहीतरी काढलं आणि त्याच्या आतल्या कडेवरून पेन फिरवलं. “काकू, पिशवीच्या आतल्या अस्तरापासून हा कॅन्सर सुरू झालाय.” त्यानंतर थोडा वेळ त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. अस्तर हा शब्द इथे, या खोलीत, आईच्या मशीनवरून उठून आला कसा, एवढंच मनात येत राहिलं.

दर महिन्याला जाड होणारं, गळून जाणारं, पुन्हा नव्यानं धरणारं ते अस्तर. पाळी गेली की ते पातळ होऊन निवांत पडून राहतं. सोनोग्राफीत चार मिलिमीटरच्या आत असलं तर सहसा काळजी नसते. माझं सतरा होतं. पाळी जाऊन तेरा वर्षं झाली होती.

पहिला डाग गेल्या गणपतीत दिसला. परकरावर, सुपारीएवढा. विसर्जनाच्या दिवशी चौपाटीपर्यंत चालले, दगदग झाली, म्हणून असेल असं मीच ठरवलं. गार पाण्यात परकर भिजवला, साबण लावला, डाग गेला. दिवाळीत पुन्हा. तेव्हा एका दवाखान्यात गेले. वयामुळे होतं असं कधीकधी, असं सांगून गोळ्या मिळाल्या आणि मी ते आनंदानं मानलं. दोन वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली होती, ती चांगली आली होती. त्या कागदाचाही आधार वाटत होता. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा, ती तपासणी तोंडासाठी असते, अस्तराची खात्री तिच्यावरून होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं आणि स्वतःच्या शरीराच्या दोन अवयवांची नावं मी एकच समजत होते.

आता भेटेल त्या बाईला मी सांगते. आडपडदा न ठेवता सांगते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी सोनोग्राफी करा, सांगितली तर बायोप्सी करा, घरचं कार्य आटोपायची वाट बघू नका. हा आजार त्या मानानं सरळ आहे, लवकर बोलतो. अंगावरून जातं म्हणूनच कितीतरी जणी पहिल्या स्टेजला सापडतात आणि ऑपरेशननं बऱ्या होतात. माझाही बोलला होता. मी तो धुऊन टाकला.

माझी चौथी स्टेज आहे. आतड्यांच्या पुढे चरबीचा एक पडदा असतो, पदरासारखा सोडलेला. त्याच्यावर दाणे दिसले. “आधी तीन केमो, मग स्कॅन. आकसला तर ऑपरेशन, नंतर पुन्हा केमो,” डॉक्टर म्हणाल्या. “पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही काकू. आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू.” ह्यांनी पिशवी मांडीवर धरली होती. तिचे बंद ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

आमच्याकडे ‘टाटा’ म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. “त्यांना टाटाला नेलंय” म्हटलं की ऐकणारा मान खाली घालतो. लहानपणी मे महिन्यात आई मसाल्याच्या मिरच्या आणायला लालबागला न्यायची. संकेश्वरी, बेडगी, नाकात खाट जायची, डोळ्यांतून पाणी. एकदा तिथून परळला कुणा नातेवाइकाकडे चालत गेलो तेव्हा तिनं ती दगडी इमारत लांबून दाखवली आणि माझा हात घट्ट धरला. एवढी कशाला घाबरतेस, असं मी विचारल्याचं आठवतं. तिनं उत्तर दिलं नव्हतं.

त्या इमारतीच्या मुळाशी एक बाई आहे, हे मला या वयात कळलं. मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं उभारलेलं हे हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडलं, तेव्हा 80 खाटा होत्या. आज ओपीडीच्या एका मजल्यावर सकाळी नऊला त्याच्या कितीतरी पट माणसं बसलेली असतात. प्रत्येकाच्या हातात फाइल, आणि फाइल कशात ना कशात घातलेली. साडीच्या दुकानाची पिशवी, खताची गोणी कापून शिवलेली पिशवी, दप्तर, नुसता टॉवेल. नंबर पुकारला की ती छातीशी धरून माणूस उठतो.

चर्नी रोडहून प्रभादेवीपर्यंत पाच स्टेशनं. मी घरून चहा पिऊन निघते आणि जेवायला घरी येते. हे केवढं मोठं सुख आहे ते तिथे बाकावर बसल्यावर कळतं. शेजारी लातूरकडची एक बाई होती, माझ्याहून लहान, कपाळावर मोठं गोंदण. नवऱ्याबरोबर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरली होती. गावाकडून मुंबईला आलेल्या आजारी माणसानं रस्त्यावर निजू नये, म्हणून त्या फकिराच्या नावानं चालणारी ही जागा. दादरला फुलं घ्यायला मी शेकडो वेळा गेले, धर्मशाळेचं नाव ऐकून होते. तिथे कोण राहतं हे बघायला पाय कधी वळले नाहीत.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, तुमचं काय?”

“पिशवीचा.”

“माझी बी पिशवीच.” मग थेट, डोळ्यांत डोळे घालून, “पसरलंय का?”

हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. चाळीत सगळे म्हणाले होते, काही होत नाही, धीर धरा, झुंज द्या, आमच्या मावशीला होता, ठणठणीत आहे. पुण्याहून लेक रोज फोन करते, “आई, तू पॉझिटिव्ह राहा,” म्हणते आणि फोन ठेवताना तिचा आवाज फाटतो. त्यांची माया मला कळते. पण त्या मायेत मी एकटी पडत चालले होते. त्या बाईच्या दोन शब्दांनी मी एकदम माणसांत आले.

“पसरलाय,” मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

“माझं बी,” ती म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून चार शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. आम्ही ते खाल्ले. मग तिचा नंबर आला.

झुंज हा शब्द मला माझ्यासाठी नको वाटतो. कुणाशी झुंजायचं? याच पिशवीनं माझी लेक नऊ महिने सांभाळली. तिच्या आधीचा एक जीव पाचव्या महिन्यात गेला. त्याचं आम्ही नाव ठेवलं नव्हतं, पण रात्री ह्यांचा डोळा लागला की मी अजूनही पोटावर हात ठेवून त्याला आठवते. या पिशवीला मी शत्रू म्हणू शकत नाही. ती झिजली, बिघडली. तिच्यासाठी जे करता येईल ते करायचं, आणि ज्या दिवशी काढतील त्या दिवशी तिला नीट निरोप द्यायचा, एवढं माझं ठरलं आहे.

पहिली केमो उद्या. दोन औषधं आहेत. त्यातलं पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेतल्या एका सदाहरित झाडाच्या सालीत सापडलं, आणि कार्बोप्लॅटिनच्या पोटात प्लॅटिनम आहे. झाडाची साल आणि धातू. आजी सुंठ उगाळायची, सोन्याचा वेढा उगाळून चाटवायची, तिला हे सांगितलं असतं तर तिला काही नवल वाटलं नसतं. तीन-चार तास सलाइन, मग एकवीस दिवसांची सुट्टी, मग पुन्हा. दोन-तीन आठवड्यांत केस जातील. लेक आज रात्रीच्या गाडीनं निघाली आहे. तिनं मऊ सुती रुमाल घेतलेत, असं म्हणाली. रंग सांगितला नाही.

संध्याकाळी रिपोर्ट लावताना पिशवीचं अस्तर कोपऱ्यात उसवलेलं दिसलं. सीटीच्या फिल्मचं टोक तिथून बाहेर येत होतं. आईचं मशीन खिडकीशी आहे, पण पट्टा तुटलाय, म्हणून हातानंच टाके घालायला बसले. अस्तर बाहेर काढून उलटं केलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आईचे आतले टाके दिसले. बारीक, सारख्या अंतराचे, आणि कोपऱ्यात दोनदा घातलेले. जिथे ताण येतो तिथे ती दोनदाच घालायची. दिवा कमी पडत होता. ह्यांनी न सांगता मोबाइलचा उजेड धरला.

“अगं, सुईत दोरा मी ओवू का?”

“ओवा,” मी म्हटलं.

त्यांना चौथ्या खेपेला जमलं.