लेथची जन्मखूण

जुना लेथ ओळखायचा म्हणजे तीन प्रश्न सोडवायचे: तो कुठे ओतला गेला, कधी, आणि तिथून आजच्या जागेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आला. वडाळ्यात यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत लांबतो. कात्रक रोड, नायगाव क्रॉस रोड या भागातल्या औद्योगिक गाळ्यांत लेथ कोरा असा क्वचितच आला. कुठला गिरणीच्या मेकॅनिक खात्यातून आला, कुठला रेल्वे वर्कशॉपच्या लिलावातून, कुठला रे रोडच्या दारूखान्यातून. दारूखान्यात जहाजे तोडली जात, आणि मोठ्या जहाजावर इंजिनरूमच्या दुरुस्तीपुरता एक लेथ असायचाच. जहाज पत्र्याच्या भावाने गेले तरी लेथला वेगळे गिऱ्हाईक मिळे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, तशी त्यांची यंत्रेही बाहेर पडली. त्याही आधीचा धागा वडाळ्यातूनच जातो. 1915 पासून पोर्ट ट्रस्टची मालगाडी बंदरातला माल घेऊन वडाळ्याला मुख्य रेल्वेला मिळत असे.

गाळ्यात विचारले तर उत्तर ठरलेले असते: ब्रिटिशांच्या वेळचा आहे. कधी ते खरे निघते. पण बटाल्यात किंवा राजकोटला 1960 नंतर ओतलेल्या लेथबद्दलही तेच ऐकू येते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याला ज्यांनी सांगितले त्यांनीही तेच ऐकलेले असते. म्हणून यंत्राला विचारावे लागते, आणि विचारताना एक गोष्ट धरून चालावी: लेथवरची जी गोष्ट बदलायला सोपी, तिची साक्ष कमी मोलाची. रंग एका दुपारी बदलतो, पट्टी चार स्क्रूंनी, मोटर एका दिवसात. बेड बदलत नाही. तपास रंगापासून सुरू करून बेडपाशी संपवावा.

रंगाला फारसे महत्त्व देऊ नये. हिरवा म्हणजे अमुक कंपनी आणि राखाडी म्हणजे तमुक, असे ठोकताळे सांगणारे भेटतात, पण मुंबईच्या दमट हवेत जगलेल्या लेथवर रंगाचे चार-पाच थर सहज असतात. रंगाच्या भरवशावर राहायचे नाही हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातूनही शिकता येते. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला मुंबईत आले, काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत असे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. आज माटुंग्याला असलेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. रेषेवर भिस्त ठेवणाऱ्या माणसाच्या नावाने पुढे देशातले सर्वांत ओळखीचे लेथ निघाले. लेथ पाहणाऱ्यानेही रंग सोडून रेष पाहावी: पायांचा बाक, हेडस्टॉकचा माथा, हँडव्हीलच्या आऱ्या.

पितळी पट्टी रंगापेक्षा बरी, पण ती कोणाची आहे ते आधी पाहावे. पुष्कळदा ती कारखान्याची नसून विकणाऱ्या एजंटाची असते. मुंबईच्या एजंटाच्या पट्टीवर फोर्टचा पत्ता, तारेचा पत्ता आणि टेलिफोन नंबर असतो, आणि या तिन्हींतून काळ काढता येतो. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. वडाळ्याचा ‘मुंबई 31’ त्या दिवशी 400 031 झाला. पट्टीवर सहा आकडी पिन असेल तर ती पट्टी 1972 नंतरची. पण ती पट्टीच नंतरची, लेथ नव्हे. जुना लेथ दुरुस्त करून स्वतःची पट्टी ठोकणारे व्यापारी होतेच.

देशाचे नाव अधिक उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये 1887 चा मालखुणांचा कायदा झाला आणि परदेशी मालावर मूळ देश लिहिण्याची रीत पडली. नुसते ‘जर्मनी’ असेल तर अंदाज युद्धाआधीकडे झुकतो. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा पूर्व जर्मनीची आद्याक्षरे असतील तर लेथ 1949 नंतरचा. रशियन लेथ तर आपले माप नावातच घेऊन येतो. 1के62 या मॉडेलमधला पहिला एक म्हणजे लेथचा गट, सहा म्हणजे त्यातला प्रकार, आणि शेवटचा दोन म्हणजे सेंटरची उंची 200 मिलिमीटर. इंग्लिश लेथवर ‘वॉर फिनिश’ अशी पट्टी सापडली तर तो दुसऱ्या महायुद्धातला. घाईच्या दिवसांत बाहेरची घासाई-रंगाई आखूडती घेतली, अशी कारखान्याने त्या पट्टीतून दिलेली ती कबुली. अमेरिकन लेथवर पेटंटचा नंबर न देता नुसती तारीख दिली असेल, तर तो बहुधा 1927 च्या आधीचा, कारण त्या वर्षी तिथला कायदा बदलला आणि नंबर देणे सुरू झाले.

मोटर सहसा लेथची मूळची नसते. शाफ्टिंगच्या जमान्यातला लेथ छताखालच्या शाफ्टवरून चामडी पट्ट्याने चाले. त्याच्या हेडस्टॉकवर पायऱ्यांची पुली असते. पुढे कोणीतरी मागे अँगल वेल्ड करून वर मोटर बसवतो. इंग्लिश किंवा भारतीय मोटरच्या पट्टीवर ‘हर्ट्झ’ लिहिले असेल तर ती मोटर 1960 नंतरची असण्याची शक्यता मोठी. ‘सायकल्स’ लिहिले असेल तर मात्र काहीच ठाम सांगता येत नाही, कारण जुना शब्द पुढेही बरीच वर्षे छापला गेला. तारखेच्या खुणांचा हाच स्वभाव: नवी खूण बोलते, जुनी खूण गप्प राहते. गिअरबॉक्सचेही तसेच. वेंडेल नॉर्टनची पटकन फीड बदलणारी पेटी 1890 च्या दशकात आली, म्हणून पेटी नसलेला लेथ त्याआधीचा ठरत नाही. नॉटिंगहॅमजवळच्या मायफर्डचा एमएल7 1946 मध्ये बाजारात आला तोही सुट्या चेंज गिअरवरच. साधे म्हणजे जुने नव्हे. पुष्कळदा ते फक्त स्वस्त असते.

मापाची भाषाही फसवते. मुंबईत लेथ बेडच्या लांबीने ओळखतात: साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. इंग्लिश कारखाना सेंटरची उंची सांगतो आणि अमेरिकन कारखाना बेडवर फिरू शकणारा पूर्ण व्यास. त्यामुळे साडेसहा इंची इंग्लिश आणि तेरा इंची अमेरिकन या दोन लेथांवर एकाच मापाचा जॉब फिरतो. जुन्या कॅटलॉगमध्ये लेथ शोधताना ही बाब विसरली तर माणूस आठवडाभर चुकीची पाने चाळत बसतो.

इथून पुढे आट्यांचे राज्य. अर्ध्या इंचाचा एक बोल्ट काढावा, रॉकेलमध्ये धुवावा आणि पोलादी पट्टीला लावून एका इंचातले आटे मोजावेत. बारा आले तर व्हिटवर्थ, म्हणजे इंग्लिश घराणे; तेरा आले तर अमेरिकन. एका आट्याचा हा फरक एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशांचा आटा सुचवला. 1864 मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने 60 अंशांचा. पट्टीवर बोल्ट एकाच जागी धरून मोजू नये, दोनदा मोजावे. बारा आणि तेरा यांत डोळा सहज चुकतो. आणि बोल्टही हाताशी येईल तो घेऊ नये. टूलपोस्टचे, मोटरचे, गार्डचे बोल्ट केव्हाच बदललेले असतात. हेडस्टॉक बेडला आवळणारा खालचा बोल्ट, जिथे पाना घालायला मनगट वाकवावे लागते, तो खरे बोलतो, कारण तिथे हात घालायचा कंटाळा सगळ्यांनाच. लीड स्क्रूचे आटेही मोजावेत: इंचाला चार किंवा आठ असे पूर्णांक जमले तर तो इंची, सहा मिलिमीटरसारखा पिच निघाला तर मेट्रिक. सुट्या गिअरांत 127 दात्यांचे चाक सापडले तर इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायची सोय केलेली होती, असे समजावे. भारतात मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण गाळ्यांतून इंच अजूनही गेलेला नाही.

आता ओतीव काम, आणि इथेच खरी मेख आहे. पंजाबात, सौराष्ट्रात, हावड्याला आणि खुद्द महाराष्ट्रात परदेशी लेथांच्या नकला निघाल्या. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इंग्लंड-अमेरिकेतले कारखानेही एकमेकांकडे बघूनच शिकले. पण ओळखणाऱ्याला असल आणि नक्कल वेगळी करावी लागते. नाव पुसता येते, आकार पुसता येत नाही, आणि माप तर मुळीच नाही. बीड ओतल्यावर थंड होताना फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच आकसते. म्हणून पॅटर्नमेकर लाकडी साचा मुद्दाम तेवढा मोठा करतो आणि त्यासाठी वेगळी वाढीव मोजपट्टी वापरतो. ज्याने नवा साचा न करता विलायती लेथचा पायच वाळूत दाबून साचा घेतला, त्याचा पाय तेवढाच लहान निघणार. चोवीस इंची पाय पावणेचोवीस इंच भरतो. मोजताना घासलेला, रंधलेला भाग सोडून द्यावा आणि वाळूची खरबरीत कातडी जिथे शाबूत आहे तिथेच टेप लावावा. मूळ कॅटलॉगमधले किंवा दुसऱ्या असल लेथवरचे माप हाताशी असेल तर नक्कल एका मिनिटात कळते. ओतीव अक्षरांचे मात्र गैरसमज फार. बिडावर उठावात आलेले आकडे बहुधा साच्याचा किंवा भागाचा नंबर असतात. त्यांतल्या 1938 ला साल समजून मालक लेथची वर्षे मोजत बसतो.

खरा नंबर पंच केलेला असतो, आणि तो पुष्कळदा बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला सापडतो. साउथ बेंडच्या लेथांवर तो तिथेच, दोन सरींच्या मधल्या जागेत असतो. तिथे तेल, बिडाची काळी भुकटी आणि अनेक वर्षांचे ग्रीस मिळून खरवड तयार झालेली असते. ती छिन्नीने किंवा पॉलिश पेपरने कधीच काढू नये. नंबरच निघून जातो. रॉकेलचा बोळा ठेवून अर्धा तास थांबावे, पितळी ब्रश फिरवावा, मग गाळ्यातला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवा धरावा. सपाट दिसणाऱ्या पृष्ठावर अचानक सावल्या उभ्या राहतात. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवली की आकडे उमटतात. तीन आणि आठ, एक आणि सात यांच्यात घोळ होतो. कामगाराने पंच उलटा धरला असेल तर सहाचा नऊ झालेला असतो. म्हणून एकाऐवजी तीन ठसे घ्यावेत. त्याच बैठकीत हेडस्टॉक, सॅडल आणि टेलस्टॉक यांच्या बुडाशी छोटे जोड-नंबर आहेत का तेही पाहावे. ते जुळले तर चारही भाग एकाच कारखान्यात एकमेकांना घासून बसवलेले. न जुळले तर टेलस्टॉक दुसऱ्या घरचा आहे, आणि मुंबईत ते नवलाचे नाही.

बेडची झीज हा लेथच्या पोटातला दाखला. चकजवळचा पहिला फूटभरच खोल गेला असेल तर आयुष्य बुश, पिन, छोटे जॉब यांत गेले. झीज लांबवर सारखी पसरली असेल तर गिरणीचे रोलर किंवा लांब शाफ्ट फिरले. बेड सबंध ठीक आणि पायांत मात्र भक्कम, जास्तीची भोके, तर जहाजाचा विचार करावा. डेकला आवळायला ती लागतात.

यंत्र एवढे बोलले की मग कागद. आपल्याकडे तंत्रशाळा, पॉलिटेक्निक आणि सरकारी वर्कशॉप यांचे डेड स्टॉक रजिस्टर ही सोन्याची खाण आहे. लेथच्या पायावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला डेड स्टॉक नंबर दिसला तर रंग खरडण्याआधी उतरवून घ्यावा. त्या नंबरापुढे रजिस्टरात खरेदीची तारीख, पुरवठादार आणि किंमत मिळू शकते. ही तारीख मुंबईत आल्याची, जन्माची नव्हे. 1941 मध्ये यंत्रहत्यारांवर सरकारी नियंत्रण आले आणि युद्धानंतर लष्करी सामान विक्रीला निघाले, त्यामुळे त्या काळातल्या नोंदीत जन्म आणि खरेदी यांत बरेच अंतर पडू शकते. जन्मसाल हवे तर नंबर कारखान्याच्या यादीशी ताडावा, आणि यादी नसेल तर कॅटलॉगांच्या मध्ये पकडावा: या सालच्या कॅटलॉगात हे हँडल नाही, पुढच्यात आहे, म्हणजे लेथ मधला.

देशी लेथ याच रीतीने लावता येतात. म्हैसूर किर्लोस्कर हरिहरला 1941 मध्ये सुरू झाले. त्यांचे एंटरप्राइझ आणि टर्नमास्टर गाळ्यागाळ्यांत दिसतात. हिंदुस्तान मशीन टूल्स 1953 मध्ये बंगळूरला, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कंपनीच्या सहकार्याने. त्यांचा एच-22 जाणकाराला आवाजावरून कळतो, असे टर्नर सांगतात. यांच्यावर इंग्लंड लिहिलेले नसते म्हणून मालक नाराज होतात. होऊ नये. शंभर परदेशी लेथांची माहिती छापील मिळते, पण बटाल्याच्या एखाद्या बंद पडलेल्या ओतशाळेचा लेथ कोणी नोंदवलेलाच नसतो, आणि तपासाचे समाधान तिथेच अधिक.

वडाळ्यातले गाळे आता वरचेवर रिकामे होतात आणि भंगारवाला बेडचे वजन करायला काटा घेऊनच येतो. तो येण्याआधी टेलस्टॉककडच्या टोकाचा एक ठसा घ्यावा, पट्टीचा फोटो काढावा, हेडस्टॉकखालच्या एका बोल्टचे आटे मोजावेत आणि तिन्ही गोष्टी तारखेसह एका कागदावर लिहून ठेवाव्यात. तासाभराचे काम आहे.