दूद व्हया!

मालवणला तुम्ही कशासाठी जाता? सुरमई फ्राय, सोलकढी आणि तारकर्लीचं स्नॉर्केलिंग? सही आहे. आम्हीही त्यासाठीच जायचो. पण गेल्या डिसेंबरात तिकडून घेऊन आलो ते फक्त दोन शब्द. आणि खरं सांगतो, एवढं महागाचं सूव्हनिर आजवर आणलं नव्हतं!

आमची चिऊ तेव्हा सव्वादोन वर्षांची. शब्द मोजून ११. आई, बाबा, दूद, भूभू, नाई... फ्रिजवर यादीच लावली होती. साधारण दोन वर्षांची मुलं दोन शब्द जोडायला लागतात. 'बाबा ये', 'भूभू गेला' असं. चिऊची गाडी एकाच शब्दावर अडलेली. सोसायटीतली तिच्याच वयाची पोरं फोनवर आजोबांशी गप्पा हाणायची आणि आम्ही दोघं लिफ्टमध्ये उगाच मोबाइलमध्ये डोकं घालायचो.

डॉक्टरांकडे गेलो. कानांची तपासणी झाली, नॉर्मल आली. घरी मराठी, पाळणाघरात हिंदी, स्क्रीनवर इंग्रजी राइम्स... पोरगी गोंधळलीय का? डॉक्टर म्हणाल्या, दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल बोलण्यात मागे पडत नाही. स्क्रीन बंद करा, तिच्याशी बोला, तीन महिन्यांनी परत या.

बोला? बायको आयटीत, मी फ्रीलान्सर. आमच्या ठाण्याच्या घरात सगळ्यात जास्त बोलतो तो कॉन्फरन्स कॉल. शेवटी सुट्टी टाकली आणि सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडली. डेस्टिनेशन : मालवणजवळची वाडी, माझ्या आजीचं घर.

कोकण रेल्वेवर ९०हून जास्त बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडेचा तर साडेसहा किलोमीटरचा! अंधार झाला की चिऊ माझा शर्ट घट्ट धरायची, उजेड आला की ओरडायची, "आला!" चला, बारावा शब्द. कुडाळला उतरलो तेव्हा आख्खा डबा तिच्याबरोबर "आला!" म्हणत होता.

आजी पक्की मालवणी बोलणारी. चिऊसाठी तिने वेगळं काहीच केलं नाही. ना फ्लॅशकार्ड्स, ना राइम्स. नुसती विचारायची, "बाय, काय व्हया तुका? केळा व्हया?" आणि मग थांबायची. केळं हातात, नजर चिऊकडे, घाई शून्य. पहिल्या दिवशी चिऊने नुसता हात पुढे केला. मी सवयीने केळं सोलून द्यायला धावलो, तर आजी माझ्यावरच उखडली. "मागूक दी तेका! तोंड आसा ना तेका!"

मी गप्प. कारण तेव्हा लक्षात आलं, आमच्या घरात चिऊला काही मागावंच लागत नाही. तिने बोट दाखवायच्या आत बाटली हजर. ती रडली तर माझा फोन कॉल बिघडणार ना! तिची सोय म्हणून जे करत होतो, ती खरं तर आमची सोय होती.

चौथ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. काय नावं आहेत! आम्ही दूधबावीपाशी पोचलो. मी चिऊला कडेवर घेऊन म्हटलं, "ही दूधबाव." तिने आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे. मग खांद्यावरच्या बॅगेकडे.

माझा हात बॅगेच्या चेनकडे गेला होता. तो तिथेच थांबवला. एक सेकंद, दोन, तीन, चार...

"दूद व्हया."

बायको म्हणाली, "काय म्हणाली ती?" चिऊने वैतागून पुन्हा सांगितलं, "दूद व्हया!" पोरीचं आयुष्यातलं पहिलं वाक्य, तेही अस्सल मालवणीत! बाटली काढताना चेन मला दोनदा उघडता येईना.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा फ्रिजवरचा कागद पुरला नव्हता. चिऊ अजूनही सोसायटीतल्या पोरांइतकी बडबडत नाही. पुढची व्हिजिट ठरलेली आहेच. तुमच्या घरी असं असेल तर आधी कान तपासून घ्या, आजीच्या भरवशावर राहू नका!

तुम्हीही जाणार असाल तर पावसाळा टाळा, तेव्हा किल्ल्याच्या होड्या बंद असतात. आणि निवांत जा. आमच्याकडे आता रोज सकाळी दुधाचा ग्लास हातात धरून मी विचारतो, "काय व्हया?" लॅपटॉपवर मेल्स येत असतात. येऊ देत. मी थांबतो.