आजाऱ्याचा पाव

आमच्या लहानपणी इंदापुरात पाव हा आजाऱ्याचा पदार्थ होता. घरात कोणी तापाने पडले, की वडील बाजारातून कागदात गुंडाळलेला पाव आणीत. आणि आम्ही धडधाकट मुले भाकरीचा तुकडा मोडीत त्या भाग्यवंताच्या चहाच्या कपाकडे पाहत बसू. आपल्यालाही एकदा छानसा ताप यावा, अशी प्रार्थना मी कित्येकदा केली आहे. देवाने ती ऐकली. पण साठी उलटल्यावर, आणि जरा जास्तच मनावर घेऊन.

माझ्या दुखण्याचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त जाते. हृदयविकाराचा माणूस चारचौघांत मोठ्या ऐटीने आपली कहाणी सांगतो. आमच्या दुखण्याला तो मान नाही. बारामतीला डॉक्टरांकडे जायचे, तर एस.टी.त बसण्याआधी वाटेत कुठे उतरता येईल याचा हिशेब मांडावा लागे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस लोक कौतुकाने पाहतात; मी तो निव्वळ आडोसा म्हणून पाहत असे.

जखमा भरेपर्यंत डॉक्टरांनी कोंड्याचे सारे बंद केले. मऊ भात आला, शाळूची भाकरी गेली. मग पत्नीनेही ती करणे सोडले. "अहो, एकटीसाठी कुठे परात मांडू?" एवढेच ती म्हणाली. सकाळचा भाकरी थापण्याचा आवाज घरातून गेला. आपण खरोखर आजारी आहोत, हे मला त्या शांततेने सांगितले.

औषधांनी सूज उतरली आणि पावाची परवानगी मिळाली. पण बाजारचा पाव खाल्ला, की थोड्याच वेळात पोट नगाऱ्यासारखे फुगे. दुखणे पुन्हा उलटले की काय, या धास्तीने रात्र सरत नसे. तपासावे, तर सूज कुठेच नाही!

एकदा बारामतीत एस.टी.ला अवकाश होता, म्हणून एका जुन्या बेकरीत टेकलो. तिथल्या म्हाताऱ्या चाचांपाशी पोटाचे गाऱ्हाणे केले. ते म्हणाले, "मास्तर, पूर्वी आम्ही रात्री पीठ मळून ठेवायचो अन् पहाटे भट्टीत घालायचो. आता गिऱ्हाईक थांबत नाही. खमीर जास्त, वर पावडर. दोन तासांत पाव तयार."

चाचांची ही खंत साऱ्या जगाची आहे. इंग्लंडात चोर्लीवुड येथे १९६१ साली यंत्राने जोरात पीठ मळून आंबवण्याचे तास वाचवण्याची रीत निघाली, आणि ती देशोदेशी गेली. पण पिठाला त्या तासांत काम असते. गव्हात फ्रुक्टान नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात. माणसाच्या लहान आतड्याला त्या तोडता येत नाहीत. मोठ्या आतड्यात पोचल्या, की तिथले जंतू त्यांवर तुटून पडतात आणि वायू धरतो. पीठ सावकाश मुरू दिले, तर हेच काम खमीर आधी उरकून ठेवते. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की तासभर आंबवलेल्या पिठात अशा शर्करा भरपूर असतात. चार तासांहून अधिक आंबवले, तर त्यांचा जेमतेम दहावा हिस्सा उरू शकतो. म्हणजे आंबायचे ते आंबणारच. परातीत की पोटात, एवढाच प्रश्न!

हे ज्ञान मी मोठ्या उत्साहाने डॉक्टरांना ऐकवले. ते हसून म्हणाले, "मास्तर, पोटफुगी कमी होईल, जरूर करून पाहा. पण सूज आवरणे हे पावाचे काम नव्हे. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

पत्नीला तर यात काही नवलच वाटले नाही. "आंबिलीचे पीठ मी रात्रीच ताकात कालवून ठेवते ना?" तिने बरणीत गव्हाचे पीठ पाण्यात कालवले, रोज त्यात नवे पीठ घातले, आठवड्याभरात बुडबुडे आले, आंबूस वास सुटला. रात्रभर मुरलेल्या त्या पिठाचा पाव जावयाने दिलेल्या विजेच्या भट्टीत भाजला. पहिला पाव विटेसारखा झाला, दुसरा तिच्या धाकट्या बहिणीसारखा. चौथा मात्र मी खाल्ला, आणि पोट गप्प राहिले. त्या रात्री मी शांत झोपलो.

पुढे हळूहळू डॉक्टरांनी अर्ध्या भाकरीची मुभा दिली. गेल्या दिवाळीत पाडव्याच्या पहाटे जाग आली, ती फटाक्यांनी नव्हे. स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज येत होता. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नाही. तिला हाताने जपून थापावे लागते, म्हणून तो आवाज.

मी उठलो नाही. अंथरुणातच पडून ऐकत राहिलो. एक भाकरी झाली. आणि थोड्या वेळाने तिची स्वतःची दुसरी.