माटुंग्याचें उडुपी बोर्डिंग

बाहेर जेवावयास जाणें म्हटलें कीं आमच्या घरांत अद्यापहि कपाळास आठी पडते. असें असतां गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब माटुंग्यास जाऊन ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगांत जेवून आलों. त्याचें कारण शेवटीं सांगूं.

सन १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व पुढें त्यानें दादर-माटुंगा भागांत आंखीव वसाहत उठविली. नोकरीनिमित्त आलेलीं दाक्षिणात्य कुटुंबें तेथें मोठ्या संख्येनें राहूं लागलीं. १९२३ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली. १९३७ सालीं रुइया कॉलेज निघालें. एकटा कारकून आणि परगांवचा विद्यार्थी, दोघांच्याहि जेवणाचा प्रश्न उभा राहिला. १९४२ सालीं, ऐन महायुद्धाच्या महागाईंत, नायक यांनीं स्टेशनाजवळ हें बोर्डिंग काढलें.

संस्कृतांत ‘उडु’ म्हणजे नक्षत्र व ‘उडुप’ म्हणजे चंद्र. चंद्रानें जेथें शिवाराधना केली तें उडुपी, अशी तेथील आख्यायिका आहे. तेराव्या शतकांत मध्वाचार्यांनीं तेथें श्रीकृष्णाची स्थापना केली. त्या मठाच्या पंगतींचें वळण उडुपीच्या स्वयंपाक्यांनीं गांवोगांव नेलें.

रांगेंत बराच वेळ थांबून आम्ही आंत गेलों. पाटाऐवजीं बांक, परंतु पुढें केळीचें पान. भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक. कांदा-लसणावांचूनहि रुचि साधते, हें आमच्या कुटुंबास सांगावें लागलें नाहीं. पान स्वच्छ झालेलें दिसलेंच.

शेजारीं एक विद्यार्थी एकटाच जेवत होता. तो ‘पुरे’ म्हणत असतांहि वाढप्यानें त्याच्या पानावर आणखी भात घातला, आणि वर रसम ओतलें. मुलगा हंसला व मुकाट्यानें जेवूं लागला.

आतां कारण. आमचा धाकटा मुलगा दोन वर्षें बंगळुरास एकटा आहे. त्याची आई रोज रात्रीं फोनवर एकच प्रश्न विचारते, ‘जेवलास का?’ ‘जेवलों’ या उत्तरानें तिचें समाधान होत नाहीं. परक्या गांवीं पोरें जेवतात तरी कशीं, हें तिला एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें होतें.

परततांना गाडींत ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “त्यालाहि तिकडे कोणी असा आग्रह करीत असेल, नाहीं का हो?”

आम्ही ‘असेल’ म्हटलें. त्या रात्रीं फोनवर तिनें तो प्रश्न विचारला नाहीं. ‘वाढतात का रे नीट?’ एवढेंच विचारलें.