वैशाखातील गारठा आणि कोरडा जोड

चैत्र आणि वैशाख हे पंचांगाच्या हिशेबाने वसंत ऋतूचे महिने असले, तरी देशावर आणि विदर्भात ते कडक उन्हाचे महिने म्हणूनच ओळखले जातात, आणि त्यामुळे मराठी माणसाच्या मनात वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर, कैरीचे पन्हे आणि दुपारची झळ एवढेच चित्र पक्के झालेले असते. याच दोन महिन्यांत गढवालच्या डोंगरांत मात्र बर्फ वितळू लागलेला असतो, बुरांसाच्या झाडांवरील लाल फुलांचा बहर ओसरत आलेला असतो, आणि महाशिवरात्रीच्या दिवशी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात ठरलेल्या तिथीला, म्हणजे साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पूर्वार्धात, केदारनाथाचे कपाट उघडते. त्या सुमारास महाराष्ट्रातून निघणाऱ्या यात्रेकरूला चाळिशीच्या घरातील उन्हातून आगगाडीने हरिद्वारला आणि तिथून दोन-तीन दिवसांत बर्फाच्या कडेला पोहोचायचे असते, तेही एकाच बॅगेच्या भरवशावर. ही बॅग भरण्याची आणि त्यातील कपडे योग्य वेळी अंगावर चढवण्याची व उतरवण्याची एक कला आहे. ती शिकता येते, आणि न शिकल्यास तिची किंमत शरीराला मोजावी लागते.

बहुतेकांची पहिली चूक हिशेबात होते. हवेचे तापमान उंचीबरोबर, सरासरीने बोलायचे तर, दर 1000 मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आणि केदारनाथ सुमारे 3580 मीटरवर असल्यामुळे दोन्हींत एकवीस अंशांचा फरक निघतो, आणि हरिद्वारला पारा अडतीसवर असेल तर केदारनाथला सतरा अंश असतील असे उत्तर येते. सतरा अंश ही पुण्याच्या सुखद थंडीची कल्पना असल्याने एक जाड स्वेटर पुरेसा आहे असे वाटून बॅग बंद होते. पण हे उत्तर स्वच्छ आकाशाच्या, वारा नसलेल्या भर दुपारचे आहे. ढग आला की सूर्याची प्रत्यक्ष ऊब नाहीशी होते, रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली जातो, आणि वारा सुटला की पाच अंशांचे तापमानही अंगाला शून्यासारखे लागते. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेवरून उष्णता किती वेगाने ओढली जाते, हे मोजणारी वायुशीतलनाची सूत्रे हेच सांगतात. त्यातच भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, ज्यांना हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ म्हणतात, वसंतातही पश्चिम हिमालयावर आदळत राहतात, आणि सकाळी निळ्या दिसणाऱ्या आकाशातून दुपारी पाऊस, गारा आणि संध्याकाळी हिमवर्षाव असा क्रम एकाच दिवसात घडू शकतो.

म्हणून वसंतातील डोंगरप्रवासाचा खरा शत्रू थंडी हा नसून ओल हा आहे, हे या कलेचे मूळ सूत्र मानावे लागते. जानेवारीच्या कोरड्या कडाक्यात पडणारा बर्फ कपड्यावरून झटकता येतो. वैशाखातील दोन-तीन अंशांच्या पावसात भिजलेला कपडा झटकता येत नाही. पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि कपड्याची ऊब ही मुळात त्याच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेची ऊब असल्यामुळे, त्या हवेची जागा पाण्याने घेतली की कपडा पांघरूण न राहता उष्णता बाहेर काढणारी वाट बनतो. सुती कपडा या बाबतीत सर्वांत दगाबाज आहे, कारण तो पाणी भरभरून पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि सोडता सोडत नाही. सुती बनियन, सुती टी-शर्ट आणि त्यावर जीन्सची पँट हा उन्हाळी पोशाख डोंगरात पहिल्या सरीनंतरच घातक ठरू लागतो, मग त्यावर कितीही महाग जाकीट असो.

ही ओल दोन बाजूंनी येते, आणि त्यांपैकी बाहेरची बाजू सर्वांना दिसते, आतली फारच थोड्यांना. गौरीकुंडाहून केदारनाथापर्यंतची वाट सुमारे 16 किलोमीटरची असून तीत जवळजवळ 1600 मीटरचा चढ आहे. पहाटेच्या गारठ्यात गौरीकुंडाला थर्मल, स्वेटर, जाकीट आणि कानटोपी असे सगळे चढवून निघालेला माणूस जंगलचट्टीच्या आधीच घामाने आतून भिजलेला असतो. पुढे भीमबलीपाशी चहासाठी थांबले की हालचाल बंद पडते, शरीरातील उष्णतानिर्मिती मंदावते, आणि तोच घाम पाठीवर थंडगार पट्टीसारखा बसतो. जाणत्या वाटाड्यांचा नियम याच्या अगदी उलट असतो: निघताना अंगाला किंचित थंडी वाजली पाहिजे, पहिली वीस मिनिटे थोडे कुडकुडत चालले पाहिजे, आणि घाम फुटायच्या आत एक थर उतरवला पाहिजे; थांबताच मात्र घाम निवण्याच्या आत तो पुन्हा चढवला पाहिजे. थंडी वाजू लागल्यावर कपडा घालणे आणि गरम होऊ लागल्यावर काढणे ही सवय मैदानातील आहे. डोंगरात दोन्ही गोष्टी पाच मिनिटे आधी कराव्या लागतात, आणि या पाच मिनिटांतच सारे कौशल्य आहे.

थरांची कल्पना आता सर्वपरिचित असली, तरी तिचे मर्म पुष्कळदा निसटते. अंगालगतचा थर घाम त्वचेपासून दूर नेण्यासाठी असतो, मधला थर स्थिर हवा धरून ठेवण्यासाठी, आणि बाहेरचा थर वारा व पाऊस अडवण्यासाठी. या तिघांची कामे वेगळी असल्याने एकाच जाड जाकिटात ती कोंबली, तर ते जाकीट चालताना फार गरम आणि काढल्यावर फार उघडे पाडणारे होते. ही समज आधुनिक कापडांच्या आधीपासूनची आहे. 8 जून 1924 रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला शेवटचे दिसलेले जॉर्ज मॅलरी यांचा देह 1999 च्या मे महिन्यात सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक पातळ थर आणि त्यांवर गॅबर्डिन या घट्ट विणीच्या कापडाचा अंगरखा होता. 2006 मध्ये त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती शिवून एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिल्या गेल्या, तेव्हा ते कपडे हलके आणि हालचालीला मोकळे असल्याचे दिसून आले, कारण रेशमाच्या गुळगुळीतपणामुळे एक थर दुसऱ्यावर सहज सरकत होता आणि थरांमधील हवा ऊब धरत होती.

लोकरीबद्दल मराठी मुलखाला वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेणारा धनगर पावसाळ्यात माळावर दिवसभर उभा राहतो, तो काही अंगाच्या काटकपणामुळेच नव्हे. लोकरीच्या तंतूचा बाहेरचा पृष्ठभाग पाणी झटकतो आणि आतला गाभा वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ती ओल शोषताना तंतूतून थोडी उष्णताही बाहेर पडते. हेच तत्त्व मऊ स्वरूपात मेरिनो लोकरीच्या पातळ गंजीत मिळते, म्हणून अंगालगतच्या थरासाठी ती उत्तम. ती परवडत नसल्यास पॉलिएस्टरचा साधा खेळाडूंचा टी-शर्टही सुती बनियनपेक्षा शतपटीने बरा. पिसांचे जाकीट वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असते खरे, पण भिजताच त्यातील पिसे गोळा होऊन हवा धरण्याचे काम सोडतात, त्यामुळे वैशाखात ते चालताना अंगावर न घालता मुक्कामाला पोहोचल्यावरच बाहेर काढावे.

बाहेरच्या थरासाठी वाटेवर मिळणारे पातळ प्लास्टिकचे रेनकोट पाऊस अडवतात, पण घामाची वाफही आतच कोंडतात, आणि दोन तासांच्या चढानंतर आतून भिजलेल्या माणसाला ते बाहेरून कोरडे ठेवून काही साधत नाही. 1969 मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनचा तापवलेला दांडा झटक्यात ताणून जे सच्छिद्र पटल मिळवले, त्यावर आधारलेल्या कापडाची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात, म्हणून ते पाऊस रोखून वाफ जाऊ देते. तरीही मुसळधार पावसात बाहेरचे कापड चिंब झाले की हा गुण पुष्कळसा मंदावतो. म्हणून कापडाच्या नावापेक्षा काखेखाली उघडणारी चेन आहे की नाही, हे पाहून जाकीट घ्यावे.

साडी नेसून यात्रा करणाऱ्या स्त्रियांचा विचार या विषयावरील लेखनात क्वचितच होतो, आणि ही मोठी उणीव आहे, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्या यात्रेकरूंत त्यांची संख्या लहान नसते. काष्टा असल्यामुळे नऊवारी चढाला सहावारीपेक्षा सोयीची पडते, पण सुती नऊवारी भिजली की तिचे वजन आणि तिचा गारवा दोन्ही असह्य होतात. साडी सोडण्याचा आग्रह न धरता तिच्या आत लोकरीची किंवा थर्मलची लांब पँट, लांब बाह्यांचा लोकरी ब्लाउज, वर घोट्यापर्यंत येणारा पोंचो आणि काठ चिखलाला लागणार नाही इतकी आखूड नेस, एवढे केले तरी फरक पडतो.

आता बॅगेकडे. सॅकवर घालायचे आच्छादन पुरेसे आहे असे समजणे चूक आहे, कारण पाठ आणि सॅक यांच्या मधून पाणी आत शिरतेच. म्हणून आतील प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधावा. रेनकोट सर्वांत वर, हात घालताच सापडेल असा, कारण गारा सुरू झाल्यावर सॅकचा तळ ढवळत बसायला कोणाला सवड नसते. सर्वांत खाली रात्रीचा कोरडा जोड: एक थर्मल, एक जोडी जाड लोकरी मोजे आणि एक टोपी. हा जोड दिवसा, जिवावरचा प्रसंग वगळता, कोणत्याही कारणाने अंगाला लावायचा नाही, दिवसाचे कपडे कितीही ओले झाले तरी सकाळी तेच पुन्हा चढवायचे, कारण चालू लागले की ते अंगाच्या उष्णतेने वाळतात आणि रात्रीचा जोड भिजला तर तो वाळवायला केदारनाथला ना ऊन असते ना वेळ. सामान खेचरावर किंवा पिठ्ठूच्या पाठीवर देणाऱ्याने तर हे नीट लक्षात ठेवावे की बॅग आणि माणूस यांची ताटातूट तासन्‌तास होऊ शकते. म्हणून रेनकोट, मधला उबदार थर, टोपी, हातमोजे, गॉगल आणि काही खाणे हे स्वतःच्या खांद्यावरच हवे. गॉगलची गरज ढगाळ दिवशीही असते, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ऐंशी टक्के भाग परत फेकतो.

शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेल्यास त्याला अवतापन म्हणतात, आणि त्याची सुरुवात नाट्यमय नसते: माणूस अडखळतो, पुटपुटतो, उत्तरे तुटक देतो. जाकिटाची चेन बोटांना लावता येईनाशी होणे ही त्यातली अगदी सहज दिसणारी खूण आहे, आणि सोबत्याची चेन दोनदा हुकली की वाट सोडून आडोसा शोधावा, ओले कपडे उतरवून कोरडा जोड चढवावा, गरम आणि गोड काहीतरी प्यायला द्यावे. हुडहुडी भरलेला माणूस ऊब न मिळताच एकदम शांत झाला, तर ते बरे वाटण्याचे नव्हे, संकट वाढल्याचे लक्षण समजून वैद्यकीय मदत गाठावी.

एप्रिलच्या पुण्यात किंवा नागपुरात थंडीची तालीम करता येत नाही, पण ओलीची करता येते. निघण्याच्या आठवडाभर आधी बॅगेत जाणारा प्रत्येक मोजा, गंजी आणि पँट पाण्यात बुडवून, पिळून, रात्री घरातल्या पंख्याखाली वाळत घालावी. मैदानातील उकाड्यात आणि पंख्याच्या वाऱ्यात जो कपडा सकाळपर्यंत वाळला नाही, तो केदारनाथला वाळणार नाही. त्याने घरच्या कपाटातच राहावे.